राज्याभिषेकाच्या मांडवाबाहेरची माणसे

सावर्डे (ता. चिपळूण) : मुंबई-गोवा महामार्गाने चिपळूण सोडून संगमेश्वरकडे निघाले की सावर्डे लागते. काताचे कारखाने, शिमग्यातील पेटत्या लाकडांचा होल्टे होम आणि सह्याद्री शिक्षण संस्थेची विद्यालये यांमुळे हे गाव रत्नागिरी जिल्ह्यात परिचित आहे. येथून हाकेच्या अंतरावर असलेल्या डेरवण येथील शिवसृष्टी हे पर्यटकांचे व शालेय सहलींचे ठरलेले ठिकाण. गडाच्या दरवाजासारखे प्रवेशद्वार, तटबंदी, पहाऱ्यावरचे मावळे आणि शिवचरित्रातील एकेक प्रसंग मूर्तिरूपात. त्यांतील राज्याभिषेकाचा प्रसंग महाराष्ट्रातील प्रत्येक मुलाला पाठ्यपुस्तकातून आधीच ठाऊक असतो. मध्यभागी सिंहासन, त्यावर छत्र, बाजूला अष्टप्रधान, अभिषेक करणारे गागाभट्ट. चित्रात, शिल्पात, रंगमंचावर आणि पडद्यावर ही मांडणी क्वचितच बदलते.

या मांडणीत जी माणसे दिसत नाहीत, त्यांची संख्या दिसणाऱ्यांपेक्षा कितीतरी मोठी होती. पाणी वाहणारे, मांडव घालणारे, घोड्यांना वैरण पुरवणारे, गडाखाली बाजार मांडून बसलेले, आणि गड कधीच न पाहिलेले परंतु ज्यांच्या शेतातील दाणागोटा या सोहळ्याच्या आसपास खर्ची पडण्याची शक्यता होती ते कुणबी. इतिहासाच्या साधनांत त्यांच्यासाठी फार थोड्या ओळी आहेत. त्या ओळींवरच ऐतिहासिक कथा-कादंबरीला आपले काम करावे लागते. विशेष म्हणजे या माणसांविषयीचे सर्वांत बोलके कागदपत्र रायगडाच्या परिसरातील नाही, ते चिपळूण तालुक्यातील आहे.

चिपळूणची छावणी

शके १५९६, आनंदनाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, म्हणजे ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराजांना राज्याभिषेक झाला. त्याआधीचे तीन-चार महिने धामधुमीचे होते. फेब्रुवारीत नेसरीच्या खिंडीत सरनोबत प्रतापराव गुजर पडले. एप्रिलमध्ये चिपळूण येथे लष्कराची पाहणी होऊन हंसाजी मोहिते यांना हंबीरराव हा किताब व सरनोबतीची वस्त्रे मिळाली. मे महिन्यात महाराज परशुरामाच्या दर्शनाला चिपळुणास आले होते. तेथून ते १२ मे रोजी रायगडास परतले आणि चारच दिवसांनी प्रतापगडच्या भवानीला सोन्याचे छत्र अर्पण करण्यासाठी पुन्हा निघाले. तुळजापूर तेव्हा आदिलशाही मुलखात होते, त्यामुळे तेथे जाणे शक्य नव्हते.

लष्कर चिपळुणात उतरले याचा अर्थ हजारो घोडी चिपळुणात उतरली. कोकणात घोड्याला पोसणे सोपे नाही. गवत भरपूर, पण ते पावसाळ्यानंतर कापून, वाळवून, गंजी करून ठेवावे लागते आणि पुढच्या पावसापर्यंत पुरवावे लागते. भाताचा पेंढा हा गावच्या गुरांचाच आधार. अशा मुलखात ऐन वैशाखात पायगा येऊन राहिली म्हणजे गावाच्या पोटाशी स्पर्धा सुरू होते.

वि. का. राजवाडे यांनी प्रसिद्ध केलेल्या साधनांत महाराजांचे या काळातील एक पत्र आहे. ते मामले दाभोळ, तालुके चिपळूण, मौजे हलवर्ण येथे मुक्कामाला असलेल्या पायगेच्या जुमलेदार, हवालदार व कारकुनांना उद्देशून आहे. वाशिष्ठीच्या खोऱ्यातील आजचे दळवटणे तेच हे गाव, असे सामान्यतः मानले जाते. पत्राच्या तारखेविषयी अभ्यासकांत मतभेद असून काही जण ते १६७३ च्या, तर काही १६७४ च्या मे महिन्यातील मानतात. दुसरे मत स्वीकारले तर हे पत्र राज्याभिषेकाच्या जेमतेम महिनाभर आधीचे ठरते. पहिले स्वीकारले तरी ज्या मुलखातून, ज्या फौजेच्या आणि ज्या रयतेच्या बळावर तो सोहळा उभा राहिला, त्याच मुलखाचे हे चित्र आहे.

पत्रातील मजकूर आजही वाचणाऱ्याला थबकवतो. त्याचा आशय असा : दाभोळच्या सुभ्यात पावसाळ्यासाठी केलेला दाण्या-वैरणीचा साठा लष्कराच्या मुक्कामात बराचसा संपला आहे. कारकुनांनी मोठ्या कष्टाने इकडूनतिकडून गोळा करून पायगेची सोय केली आहे. आता मिळते म्हणून मनास येईल तसे उधळाल तर ऐन पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी मरू लागतील. मग तुम्ही मुलखाला त्रास द्याल. कोणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी जळण, कोणी भाजीपाला. असे झाले म्हणजे जे कुणबी कसेबसे टिकून राहिले आहेत तेही गाव सोडून जातील, काही उपाशी मरतील, आणि मोगल परवडले असे त्यांना वाटेल. तुम्हाला पगार दिलेला आहे, जे लागेल ते बाजारात जाऊन विकत घ्या, कोणावर जुलूम करू नका.

यानंतर पत्र एका अगदी बारीक गोष्टीकडे वळते. कोणी गवताशेजारी आगट्या करतात, कोणी तंबाखू ओढतात, कोणी रात्री दिवा तसाच जळत ठेवून झोपतात. उंदीर जळती वात ओढून नेईल, गवताच्या गंजीला आग लागेल आणि साऱ्या पायगेची वैरण जाईल, असा इशारा त्यात आहे. उंदराने पळवलेली वात राजपत्रात यावी, हे सतराव्या शतकातील कोणत्याही राजदरबारात विरळाच. राज्यकर्त्याच्या दूरदृष्टीचा दाखला म्हणून हे पत्र नेहमी दिले जाते आणि ते योग्यच आहे. तथापि त्याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. ज्या गोष्टी करू नका असे बजावावे लागते, त्या घडण्याचा धोका खराच असतो. कुणब्याच्या परसातील भाजी शिपायाने उपटून नेणे, ही त्या काळातील नित्याची भीती होती. त्या कुणब्याचे नाव पत्रात नाही. पण त्याची भाकर, त्याचे जळण आणि त्याची भाजी आहे. कादंबरीकाराला याहून चांगले बीज मिळणे कठीण.

गडाखालचा खाटीक

प्रत्यक्ष सोहळ्याचे परकीयाने केलेले वर्णन म्हणून हेन्री ऑक्झिंडेन याच्या वृत्तान्ताला फार महत्त्व आहे. मुंबईच्या इंग्रजांचा वकील म्हणून तो मे १६७४ मध्ये रायगडावर आला, नारायण शेणवी हा दुभाषा त्याच्याबरोबर होता, आणि तहाची बोलणी पुरी होईपर्यंत म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत तो तेथे राहिला. सिंहासनाच्या दोन्ही बाजूंना सोनेरी भाल्यांवर लावलेली राजचिन्हे, मोठ्या दातांच्या माशांची सोन्याची डोकी, घोड्यांच्या शेपट्या व न्यायाचा तराजू यांचे वर्णन त्यानेच करून ठेवले आहे. दरवाजाशी उभे असलेले दोन लहान हत्ती आणि सोन्याच्या लगामाचे दोन उमदे घोडे पाहून मात्र तो चकित झाला. इतक्या अवघड वाटेने ही जनावरे वर आणली तरी कशी, हे त्याला उमजेना. हत्ती पिल्ले असतानाच वर नेले गेले, असे लोककथा सांगते. कसेही नेले असोत, कोणीतरी त्यांना चुचकारत, ढकलत, पाणी पाजत सुमारे २,७०० फूट उंचीच्या त्या गडावर नेले. ऑक्झिंडेनला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर त्या माणसांपाशी होते.

याच मुक्कामातील एक प्रसंग जॉन फ्रायर या इंग्रज वैद्याच्या १६९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात आला आहे. गडावर इंग्रजांना मिळणारे जेवण म्हणजे तूप घातलेली खिचडी. मांसाची सवय असलेल्या या पाहुण्यांनी तशी विनंती केली. तेव्हा तेथील मोजक्या मुसलमान गिऱ्हाइकांना मांस पुरवणाऱ्या एका खाटकाला त्यांची सोय करण्याचा हुकूम झाला. रोज अर्धा बोकड जाऊ लागला. खाटीक म्हातारा होता. परंतु एवढे मांस खाणारी ही माणसे आहेत तरी कशी, हे पाहण्यासाठी तो स्वतः गड चढून वर आला. मागच्या काही वर्षांत मिळून जेवढी विक्री झाली नसेल, तेवढी या थोड्या दिवसांत झाली होती.

राज्याभिषेकाच्या साऱ्या साहित्यात सामान्य माणूस इतक्या जिवंतपणे इतरत्र क्वचितच भेटतो. छत्र, चामर आणि मंत्रघोष यांच्याशी या म्हाताऱ्याला कर्तव्य नव्हते. त्याच्यापुरता राज्याभिषेक म्हणजे नवे गिऱ्हाईक. तरीही तो धापा टाकत गड चढला तो पैशासाठी नव्हे, पैसे तर खालीही मिळत होते. निव्वळ कुतूहलाने चढला. त्याचे नाव फ्रायरने दिलेले नाही आणि मराठी साधनांत तो सापडत नाही.

येथे लंडनमधील एका समकालीन सोहळ्याची आठवण होते. १६६१ मध्ये इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सचा राज्याभिषेक झाला तेव्हा सॅम्युएल पेपिस हा नौदल कचेरीतील अधिकारी पहाटे चारच्या सुमारास जागा धरून बसला होता. तासन् तास बसल्यावर लघुशंका अनावर होऊन विधी पुरे होण्याआधीच त्याला बाहेर पडावे लागले, हे त्याने आपल्या रोजनिशीत विनासंकोच लिहून ठेवले आहे. रायगडावर जमलेल्या हजारोंपैकी कोणीही अशी रोजनिशी लिहिलेली उपलब्ध नाही. गागाभट्टांनी विधीचा ग्रंथ लिहिला, सभासदाने पुढे बखर लिहिली, निश्चलपुरी गोसाव्यांच्या पक्षाने राज्याभिषेककल्पतरू रचला. या शेवटच्या ग्रंथात पहिल्या सोहळ्यातील अपशकुनांची यादीच आहे. लाकूड पडून गागाभट्टांच्या नाकाला इजा झाली, लाकडी कमळ निखळून बाळंभट्टांच्या डोक्यावर आदळले, असे त्यात म्हटले आहे. २४ सप्टेंबर १६७४ रोजी तांत्रिक पद्धतीने झालेल्या दुसऱ्या राज्याभिषेकाचे समर्थन करणे हा त्या ग्रंथाचा हेतू होता, हे लक्षात घेऊनच तो वाचावा लागतो. पण घाईने उभारलेल्या मांडवात सुताराच्या खिळ्याकडून राहिलेली ढिलाई त्यात नकळत डोकावते, हेही खरे.

होन, दक्षिणा आणि पट्टी

सोहळ्याला खर्च किती आला, या प्रश्नाचे उत्तर कोणत्या साधनावर विश्वास ठेवायचा यावर अवलंबून आहे. कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या काळात जिंजी येथे बखर लिहिली. त्याने ३२ मण सोन्याचे सिंहासन, ५० हजार वैदिक ब्राह्मण आणि १ कोटी ४२ लाख होन खर्च असे आकडे दिले आहेत. यदुनाथ सरकार यांना हे आकडे अतिशयोक्त वाटतात. त्यांच्या मते ब्राह्मण ११ हजार होते आणि बायका-मुले धरून गडावर जेवणारी तोंडे ५० हजारांच्या घरात गेली. सुवर्णतुलेला सुमारे १६ हजार होन लागल्याची नोंद इंग्रजांनी केली आहे.

सरकारांचा कमी केलेला आकडा धरला तरी प्रश्न उरतोच. एका डोंगरमाथ्यावर इतक्या माणसांचे रोजचे जेवण, जळण, पत्रावळी आणि पाणी. गंगासागर आणि इतर तलाव उन्हाळ्याअखेर किती भरलेले असतील? पत्रावळीची पाने कोणत्या रानातून आली असतील? बखरकाराला हे लिहिण्याची गरज वाटली नाही. कथाकाराला मात्र ते टाळून पुढे जाता येत नाही.

पैसा कोठून आला, याचे एक उत्तर कागदपत्रांत मिळते. राज्याभिषेकाच्या निमित्ताने सिंहासनपट्टी बसवण्यात आली आणि ती वतनदारांकडून वसूल केली जाई. देशमुख-देशपांडे यांच्यावर बसलेली पट्टी ते पुढे रयतेकडून काढणार नाहीत, यावर स्वराज्यातील महसूल व्यवस्थेचा कटाक्ष होता. तरी प्रत्येक गावात ते तसेच घडले असेल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल. नेमका हाच ताण, वरून आलेला हुकूम आणि खाली वसूल करणारा माणूस यांच्यामधला, मराठी ऐतिहासिक कादंबरीत फारसा उतरलेला नाही.

दक्षिणेसाठी आलेल्यांचेही जग वेगळे होते. त्याची कल्पना येण्यासाठी पुढच्या काळातील एक अस्सल मराठी लेखन उपयोगी पडते. पेण तालुक्यातील वरसईचे विष्णुभट गोडसे हे कर्जाने गांजलेले भिक्षुक. मथुरेस बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, हे ऐकून ते १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडून झाशीपर्यंत पोहोचले. कमाई लुटली गेली, गंगेची कावड मात्र घरी आली. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ मध्ये त्यांचे 'माझा प्रवास' प्रसिद्ध केले. राजघराण्यातील एका धर्मकृत्याच्या वार्तेने कोकणातील एका गरीब घराचे नशीब कसे हलते, हे त्यात दिसते. रायगडावर जमलेल्या हजारो ब्राह्मणांतही काही विद्वान आणि बरेचसे असे विष्णुभट असणार.

कारागिरांपैकी एकाचे नाव मात्र दगडावर राहिले. रायगडावरील जगदीश्वराच्या मंदिरातील शके १५९६ च्या संस्कृत शिलालेखात वापी, कूप, तलाव, उद्याने, रस्ते, गजशाळा व राजगृहे उभारल्याचा उल्लेख असून हिरोजी या शिल्पज्ञाचे नाव आहे. मंदिराच्या पायरीवर तो सेवेस तत्पर असल्याचे सांगणारी छोटी मराठी ओळ वेगळी कोरली आहे. आडनाव इटळकर वाचावे की इंदुलकर, यावर वाद आहे. त्याच्या हाताखालचे पाथरवट, बेलदार, चुनेवाले यांची नावे अर्थातच नाहीत.

कादंबरीचा उलटा प्रवास

मराठीतील ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात राजापासून झाली नाही, ही गोष्ट अनेकांना आश्चर्याची वाटेल. बेळगाव भागातील रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची 'मोचनगड' ही पहिली मराठी ऐतिहासिक कादंबरी मानली जाते. ती 'विविधज्ञानविस्तारा'तून क्रमशः आली आणि १८७१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली. काळ शिवाजी महाराजांचा, परंतु गड कल्पित आणि माणसेही कल्पित. हरि नारायण आपटे यांच्या 'उषःकाल'मध्येही कथा एका काल्पनिक किल्लेदार घराण्याची आहे आणि महाराज त्या कथेच्या कडेने वावरतात. इंग्रजी कादंबरीकार वॉल्टर स्कॉट याचे हे वळण होते. इतिहासातील थोर व्यक्ती पार्श्वभूमीला आणि अनाम माणसे पुढे.

याच सुमारास जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये लिहिलेल्या पवाड्यात महाराजांना कुळवाडीभूषण म्हटले आणि शिवचरित्राचा वाचक म्हणून कुणबी, माळी, महार, मांग यांना समोर ठेवले. तो पवाडा आहे, कादंबरी नव्हे. पण हा राजा नेमका कोणाचा, हा प्रश्न त्याने थेट विचारला.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वळण बदलले. रणजित देसाई यांची 'स्वामी' १९६२ मध्ये व 'श्रीमान योगी' १९६८ मध्ये आली आणि चरित्रात्मक कादंबरीचे युग सुरू झाले. राजा केंद्रस्थानी आला, त्याचे अंतरंग हा विषय झाला. या कादंबऱ्यांनी लाखो वाचकांना इतिहासाची गोडी लावली, हे त्यांचे श्रेय निर्विवाद आहे. पण कुणबी, गवळण, पाथरवट हे पुन्हा गर्दीत मिसळले. गो. नी. दांडेकर यांनी याच काळात वेगळी वाट धरली. 'बया दार उघड', 'हरहर महादेव', 'दर्याभवानी', 'झुंजार माची' आणि 'हे तो श्रींची इच्छा' या त्यांच्या पाच कादंबऱ्या 'कादंबरीमय शिवकाल' या नावाने एकत्र निघाल्या. त्यांत साधे मावळे, त्यांची घरेदारे, बायका, रानवाटा आणि बोली यांना जागा आहे. दांडेकर स्वतः आयुष्यभर गड चढत राहिले, त्याचा हा परिणाम असावा. चढताना दम लागतो हे ज्याला ठाऊक आहे, त्याला हत्ती वर नेणाऱ्यांची आठवण राहते.

पडद्यावर अलीकडे आलेले उदाहरण म्हणजे प्रसाद ओक दिग्दर्शित 'हिरकणी' (२०१९). गडावर दूध घालणारी गवळण, दरवाजे बंद झाल्याने वर अडकते आणि तान्ह्या बाळासाठी रात्री अवघड कडा उतरून जाते, ही रायगडावरील बुरुजाशी जोडलेली कथा सर्वश्रुत आहे. चित्रपटाने तिला राज्याभिषेकाच्या वातावरणाची जोड दिली आणि त्यातील राज्याभिषेकाचे गीत लोकप्रिय झाले. हिरकणीला समकालीन कागदाचा आधार नाही, ती आख्यायिका आहे. तरी लोकांनी साडेतीनशे वर्षांतून निवडून जपलेली रायगडावरची स्त्री राणीवशातील नाही, ती दूध घालणारी आहे, याची नोंद घ्यावीशी वाटते.

लिहिणाऱ्यासाठी काही तपशील

या विषयावर लिहू पाहणाऱ्या नव्या लेखकांची ठेच लागते ती मोठ्या घटनांत नाही, लहान तपशिलांत. सर्वांत महत्त्वाचा तपशील पावसाचा. ६ जून ही तारीख इंग्रजांच्या त्या वेळच्या जुन्या ज्युलियन पंचांगाची आहे. आजच्या ग्रेगोरियन पंचांगाने तो दिवस १६ जून येतो. म्हणजे मृग लागून गेलेला, कोकणात साधारणपणे पाऊस सुरू झालेला आणि शेतकरी पेरणीत गुंतलेला असा तो काळ. हलवर्णच्या पत्रातील पावसाळ्याची काळजी या हिशेबाने अधिकच खरी वाटते. चिपळूणचा एखादा कुणबी सोहळा पाहायला निघाला असता तर त्याला भाताचा तरवा वाऱ्यावर सोडून जावे लागले असते. १७ जून रोजी पाचाडला जिजाऊंचे निधन झाले, तेव्हा तर पावसाळा चांगलाच लागलेला असणार.

दुसरा तपशील भाषेचा. कादंबऱ्यांतील मावळा कधी शुद्ध संस्कृतप्रचुर मराठी बोलतो, तर कधी आजची ग्रामीण बोली. सतराव्या शतकातील कागदांची मराठी फारसी शब्दांनी गच्च भरलेली होती, म्हणून तर महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सुचवले. कोश झाला म्हणून बाजारातील बोलणे एका रात्रीत बदलले नाही. हवालदार, जुमला, कारकून हे शब्द हलवर्णच्या पत्रातच आहेत.

खाण्यापिण्यात चहा, बटाटा व टोमॅटो टाळावेत, हे सांगण्याची वेळ येऊ नये, पण येते. परशुरामाचे आजचे मंदिर अठराव्या शतकात ब्रह्मेंद्रस्वामींच्या पुढाकाराने उभे राहिले, त्यामुळे १६७४ च्या दर्शनाचा प्रसंग रंगवताना तेच शिखर डोळ्यांपुढे आणून चालणार नाही. आंबा-फणसाची झाडे रयतेच्या परवानगीशिवाय तोडू नयेत, हा सुप्रसिद्ध उपदेश रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रातील आहे आणि ते राज्याभिषेकानंतर सुमारे चार दशकांनी लिहिले गेले. तो महाराजांच्या तोंडी घालण्याची चूक भाषणांत आणि कादंबऱ्यांत वारंवार होते.

याउलट जे वापरता येईल पण वापरले जात नाही, असे पुष्कळ आहे. सावर्डे परिसरातील काताचा उद्योग आज कारखान्यांत चालतो. खैराच्या लाकडापासून कात काढणे हे मात्र कोकणातील रानात जुनेच काम असून कातकरी या जमातीचे नावही त्यावरूनच पडले आहे. पायगेसाठी जळण आणि वैरण शोधत फिरणाऱ्या शिपायांची गाठ या खोऱ्यात कुणब्याशी पडली असेल, तशीच रानात राहणाऱ्या कातकऱ्याशीही पडली असेल. तसेच शिवराईचे. राज्याभिषेकानंतर एका बाजूस श्री राजा शिव व दुसऱ्या बाजूस छत्रपती अशी अक्षरे असलेली नाणी पडू लागली. सोन्याचा शिवराई होन फार थोड्यांनी पाहिला. तांब्याची शिवराई बाजारहाटातून, आठवडी देवघेवीतून गावोगाव पोहोचली आणि इंग्रजी अमदानीतही काही काळ चालत राहिली. ज्याने गड पाहिला नाही, अभिषेक पाहिला नाही आणि ज्याला बहुधा अक्षरओळखही नव्हती, त्याच्या तळहातावर राज्याभिषेक असा आला.

राज्याभिषेकाला २०२४ मध्ये ३५० वर्षे पूर्ण झाली. दरवर्षी ६ जूनला व तिथीनुसार ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला रायगडावर मोठी गर्दी होते. ही स्थळे पाहू इच्छिणाऱ्यांना सावर्डे सोयीचे पडते. महामार्ग आणि कोकण रेल्वे या दोन्ही मार्गांनी येथे येता येते, रेल्वेच्या पाटीवर मात्र 'सावर्डा' असे नाव आढळेल. डेरवणची शिवसृष्टी येथून जवळ आहे. दळवटणे चिपळूण शहराकडून वाशिष्ठीच्या काठाने वर जाताना लागते. तेथे पाहण्यासारखा वाडा किंवा बुरूज नाही. भातशेती आहे, आणि पावसाळ्याअखेर कापलेल्या गवताचे भारे आहेत.